यमदूताची चूक

महाभारताच्या अनुशासनपर्वात एक गोष्ट आहे. यम दूताला शर्मी नावाच्या ब्राह्मणाला आणायला पाठवतो आणि बजावतो, शेजारीच त्याच गोत्राचा दुसरा राहतो, त्याला आणू नकोस. दूत नेमका त्यालाच घेऊन येतो. यम त्याला परत घरी पाठवतो. आमच्याकडे ती सोय नाही.

24 वर्षं वॉर्डात सिस्टर आहे मी. एका रात्री पाटील आडनावाच्या दोन आजी होत्या, खाट 9 आणि 11. स्क्रीनवर 11 ची फाईल, हातात तिचं इन्सुलिन, आणि मी उभी 9 पाशी. निव्वळ सवयीने विचारलं, ‘‘आजी, पूर्ण नाव सांगा.’’ ‘‘अगं बाई, सकाळीच तर सांगितलं!’’ कुरकुरत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. माझे हात गार पडले.

आता मनगटाला बारकोडची पट्टी असते, 14 अंकी ‘आभा’ आरोग्य क्रमांकही आलाय. नावांचा घोळ कमी झाला. पण स्क्रीनवर सूचना इतक्या उगवतात, की न वाचताच बोट ‘ओके’वर जातं. (रात्री 3 वाजता तर जातंच.) ते कर्म कुणाचं, बोटाचं की मनाचं? गीता हेतू विचारते. संगणक फक्त लॉगिन आणि वेळ लिहून ठेवतो.

त्या रात्री मी काही दिलंच नाही, म्हणून नोंदही नाही. 9 नंबरच्या आजी पुन्हा घोरू लागल्या होत्या.