ठिणगी जरा आधी

आमच्या घराण्यात वेळेचं तारतम्य असं कुणालाच नव्हतं. आजोबा गाडीच्या आधी दोन तास स्टेशनवर जाऊन बसत. काका गाडी सुटल्यावर फलाटावरून धावत. वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे त्यांना उशीर व्हायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी हिरवा बावटा दाखवल्याशिवाय गाडीच हलत नसे. मी मात्र आजोबांवर गेलो. मी सिनेमाला पोचतो तेव्हा आधीच्या खेळाची माणसं अजून आत रडत असतात. लग्नघरी पोचतो तेव्हा मांडववाला खांब रोवत असतो आणि दुसरं टोक धरायला मलाच सांगतो.

अशा माणसाच्या हाती कुणी स्क्रू-ड्रायव्हर देऊ नये. पण १९८३ साली मी कर्जतला स्कूटर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हर तिच्याबरोबर फुकट आला. त्या काळी नवी स्कूटर विकत मिळत नसे, ती प्राप्त होत असे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मुलाच्या बारशाला नंबर लावला तर मुंजीला स्कूटर दारात येते, असं लोक म्हणत. एवढी वाट बघणं माझ्या रक्तात नसल्यामुळे मी जुनी घेतली. ती टू-स्ट्रोक होती, दमेकरी होती आणि चढ लागला की माझ्यासारखीच सबबी सांगू लागे.

ऑफिसातल्या एका मित्रानं निदान केलं, "तुझं टायमिंग मागे आहे. जरा अ‍ॅडव्हान्स कर."

माझं टायमिंग मागे आहे असं मला आयुष्यात प्रथमच कुणी म्हणत होतं. मी पुस्तक आणून अभ्यासाला बसलो.

प्रकरण असं आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो आणि पेट्रोलमिश्रित हवा दाबतो. प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि त्या धक्क्यानं पिस्टन खाली जातो. तुमच्या-माझ्यासारख्याला वाटेल, पिस्टन अगदी माथ्यावर आला की ठिणगी पडत असेल. तसं नसतं. मिश्रणाला नीट पेट घ्यायला वेळ लागतो. म्हणून माथा यायला वीसेक अंश बाकी असतानाच ठिणगी टाकावी लागते. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर हे वीस अंश म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढं आधी पाहिजेच. ठिणगी माथ्यावर पडली तर जोर भरेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो.

म्हणजे वेळेवर याचा अर्थ थोडं आधी! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! आजोबांच्या दोन तासांना शास्त्राचा आधार मिळाला होता.

एका रविवारी मी फ्लायव्हील ओढून काढलं. आत एक प्लेट असते आणि तिच्यावर पॉइंट बसवलेले असतात. स्क्रू ढिले करायचे आणि फ्लायव्हील ज्या दिशेनं फिरतं त्याच्या उलट दिशेला प्लेट जरा सरकवायची, की ठिणगी लवकर पडू लागते. 'जरा' सरकवायची, असं मित्र म्हणाला होता. पण आमच्या घराण्यात 'जरा' म्हणजे दोन तास.

सोमवारी सकाळी किक मारली तर किकनं उलट माझ्या नडगीवर लाथ मारली. तो इशारा होता. मी त्याला जोम समजलो.

पुढच्या रविवारी मेव्हणीकडे लोणावळ्याला निघालो. मागे ही, पायाशी घरच्या तांदळाची पिशवी. कर्जत सोडलं आणि स्कूटर अशी सुटली की पळसदरी कधी आली नि कधी गेली कळलं नाही. खोपोलीपर्यंत मी तीनदा मागे वळून "बघितलंस?" म्हणालो. "पुढे बघा," एवढंच उत्तर आलं. मग घाट सुरू झाला. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. मी अधिक पीळ दिला. शिंग्रोबाच्या देवळापाशी एक हुंदका आला आणि सगळं शांत झालं.

"आज आपण लवकरच पोचलो," ही म्हणाली.

खोपोलीच्या वर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. जाणारे-येणारे ड्रायव्हर तिथं नाणं टाकतात. हा शिंग्रोबा धनगर. साहेबाला घाटाची वाट सापडत नव्हती ती यानं दाखवली आणि त्याबद्दल साहेबानं त्याला गोळी घातली, असं सांगतात. दुसऱ्याला वाट दाखवण्याचा उत्साह किती महाग पडतो याचं एवढं ठळक स्मारक मी त्या दिवशी अर्धा तास समोर बसून पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. हिनं चार आणे टाकले. काय मागितलंस, असं मी विचारलं नाही. माझ्याकडे बघून मागितलं होतं, एवढं दिसलं.

स्कूटर टेम्पोतून कर्जतला परत आली. मिस्त्रीनं हेड खोललं, पिस्टन बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. माथ्याला शेंगदाण्याएवढं भोक होतं.

"टायमिंगला कुणी हात लावला?"

मी खरं ते सांगितलं.

"साहेब, पिस्टन वर येतच होता ना? तो त्याच्या वेळेनं येतोय आणि तुम्ही अर्ध्या वाटेत त्याच्या डोक्यात हाणताय. तो खाली ढकलला जातो, मागनं चाक त्याला वर रेटतं. मधल्या मधे मरणार कोण? टू-स्ट्रोक ही. दर फेरीला आग. आधीच तापलेली असते बिचारी."

"पण सपाटीला काय पळत होती!"

"सपाटीला चालून जातं. ओझं नसतं. चढाला ओझं असताना ठिणगी जरा मागेच पाहिजे. मोटारीत ते आपोआप मागेपुढे करायची सोय असते. हिच्यात नाही. एकदा लावलं ते लावलं. म्हणून लावताना चढाचा विचार करायचा."

त्यानं बिल दिलं. मला वाटलं, पिस्टनबरोबर विषय संपला.

इथे एक प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट खरी आहे, समोरच्याच्या हिताची आहे, मनात काही काळंबेरं नाही. ती आधी बोलली तर बिघडलं कुठं? चांगल्या कामाला मुहूर्त कशाला, असं आपल्याकडे म्हणतातच. माझं उभं आयुष्य या एका वाक्यावर चाललं होतं. मुलं नापास व्हायच्या आधी मी त्यांना धीर देत असे. शेजाऱ्यांचं भांडण व्हायच्या आधी मध्यस्थीला जात असे आणि मी गेल्यावर ते होत असे.

पुढे आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. अण्णा आणि आई कर्जतलाच राहिली. १९८६ च्या पावसाळ्यात आई गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि चौदाव्या दिवशी सकाळी चहा घेताना मी अण्णांना म्हणालो, "आता हे घर विकून टाकू. तुम्ही डोंबिवलीला चला."

या बोलण्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. कौलं गळत होती, अण्णांचे गुडघे दुखत होते, रात्री पाणी द्यायला जवळ कुणी नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला गेले. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

त्यानंतर चार वर्षं त्यांनी कर्जत सोडलं नाही. विषय काढला की "बघू". चार पावसाळे त्या गळक्या घरात एकट्यानं काढले. मी दर महिन्याला जायचो, त्यांच्या हट्टाला मनात नावं ठेवायचो आणि स्टेशनवरचे दिवाडकरांचे वडे घेऊन परत यायचो.

१९९० साली ते आपण होऊन म्हणाले, "येतो." सामान आवरताना त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. पहिल्या पानावर त्यांच्या गार्डाच्या नीटस अक्षरात यादी होती: 'डोंबिवलीस नेणे: भिंतीवरचे घड्याळ. हिचे शिलाई मशीन. तुळस, कुंडीसह.' वर तारीख होती. आई गेल्याच्या आठव्या दिवसाची.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. "अण्णा, तुम्ही तर आधीच ठरवलं होतंत. मग ही चार वर्षं?"

अण्णा आयुष्यभर बोरघाटात गाडीच्या शेपटाला बसून गेले. १८६३ साली सुरू झालेला तो लोहमार्ग, ३७ फूट पुढे जावं तेव्हा १ फूट वर. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावायची ती त्यांच्या डब्याला खेटूनच. ते म्हणाले, "पुढचा ड्रायव्हर आधी शिट्टी देतो. मागचा तिला उत्तर देतो. मग गाडी हलते. मागच्याच्या अंगात जोर असतो रे, त्याचं काम ढकलायचंच असतं. पण पुढच्याची शिट्टी व्हायच्या आधी तो ढकलत नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी देणारच होतो."

मिस्त्रीनं तळहातावर ठेवलेला पिस्टन मला त्या क्षणी आठवला. अण्णा त्यांच्या वेळेनं वर येतच होते. आईचं ओझं घेऊन येत होते. मी अर्ध्या वाटेत हाणलं होतं.

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. अण्णांची माफी तिथल्या तिथे मागायला हवी होती. पण नुकताच शिकलेला धडा डोक्यात ताजा होता. म्हटलं, घाई नको. ते रुळू देत, घर विकल्याचं दुःख ओसरू देत, योग्य वेळ बघून बोलू. दोन वर्षं मी योग्य वेळ बघत होतो. १९९२ साली अण्णा गेले. आयुष्यात एकदाच मी टायमिंग मागे घेतलं, ते नेमकं तिथं.

ठिणगी उशिरा पडली तर काय होतं, हे मी नंतर मिस्त्रीला विचारलं होतं. "आग लागतेच की," तो म्हणाला, "पण जोर मिळत नाही. नुसतं इंजिन तापतं आणि बाकीची सायलेन्सरमधून बाहेर जाते." ते खरं आहे. अजून तापतं कधी कधी.

आता मी स्वतःपुरता एक हिशेब ठरवला आहे. दुसऱ्याला शहाणपण सांगायचं असेल तर त्याच्या शिट्टीची वाट बघायची, आणि त्याच्या अंगावर ओझं असेल तर आणखी थोडी. चूक कबूल करायची असेल तर मात्र कुणाच्या शिट्टीसाठी थांबायचं नाही. तिथं ओझं आपलंच असतं आणि पेट घ्यायला त्यालाही वेळ लागतो. हा हिशेब मला नेहमी साधतो असं नाही. परवाच हिला म्हणालो, "त्या शिंग्रोबाच्या दिवशी चूक माझीच होती."

"तुम्हाला आत्ता कळलं?" ही म्हणाली. "मी चार आणे त्याच वेळी भरले होते."