मुके पोट

दिवाळीत पोट दुखू लागले की घरोघरी पहिला संशय येतो तो चकलीवर. बहुधा तो खराही ठरतो. ओवा चावावा, घटकाभर पडावे आणि पुन्हा फराळाच्या डब्याकडे वळावे! पण हा एकच न्याय सर्वांना लावता येईल काय?

आतडे फुटले, पोटात पू झाला, तर धडधाकट माणूस कळवळतो. त्याला ताप चढतो, पोट फळीसारखे ताठ होते. हा आकांत बराचसा शरीराच्या प्रतिकाराचा असतो. आता ज्याचा प्रतिकारच खचला आहे, त्याचे काय? कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेला, दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगणारा, वर्षानुवर्षे स्टेरॉईड घेणारा किंवा एचआयव्हीने पोखरलेला माणूस "जरा बरे वाटत नाही" एवढेच म्हणतो. पोट मऊ लागते, ताप नसतोही. आत मात्र रोग बळावत असतो. म्हणून जाणता डॉक्टर अशा रुग्णाची बारीक कुरकुरही मोठी मानतो. रक्त तपासतो, सीटी स्कॅन करवतो, प्रसंगी आतड्याचा तुकडा काढून पाहतो. तरीही घोटाळा संपत नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा विकार दिसायला जुळ्या भावांसारखे. एकाला उतार पाडणारे स्टेरॉईड दुसऱ्याला भडकवते.

आमच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगलच्या कायद्याविरुद्ध माणसे उठली, गोळीबार झाला, काही धारातीर्थी पडली. त्यांचा आवाज इतिहासाने ऐकला. पण ज्याच्या अंगी ओरडण्याचेही बळ नाही, त्याचे कोणी ऐकावे? वर्गातले गप्प मूल सुखी आहे असे मानणे मास्तरांना सोयीचे असते. घरातल्या गप्प आजाऱ्याबद्दल आपणही तेच मानतो. तक्रारीचे वजन आवाजावर तोलायचे, हा अन्यायच नव्हे का?

शिवाय काहींचे मौन आपणच लादलेले असते. एचआयव्ही बाधितांशी भेदभाव करू नये असा कायदा २०१७ साली झाला. पण शेजाऱ्याची नजर कायद्याला बदलता येत नाही. त्या नजरेच्या धाकाने रुग्ण मूळ आजार लपवतो, आणि डॉक्टरचा पहिला धागाच तुटतो.

तेव्हा वाचकहो, यंदा कुणी अशक्त माणूस ताट बाजूला सारून "काही नाही, जरासे पोट..." म्हणाला, तर ओव्याची डबी शोधण्याआधी त्याच्याजवळ बसा. कोणती औषधे चालू आहेत ते विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फराळ थांबेल, त्याला थांबता येणार नाही.