तोंडातले बदक

पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट ही बदकांच्या शिकारीची जागा नव्हे. तेथे पाणी थांबत नाही. ओढ्यांवाटे धावत सावित्रीला मिळते. तिथला कुत्रा वाडीचा राखणदार. बदक आणून देणारा कुत्रा ही तळ्याकाठच्या साहेबी अमदानीतली गोष्ट. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. तरीही त्या कुत्र्याचे शिक्षण आम्हांस विचारात पाडते.

पिल्लाला प्रथम कापडाची गुंडाळी फेकून देतात, पुढे तिला पिसे बांधतात. गुंडाळी तोंडातून हिसकायची नाही. हिसकली की दात अधिकच रुततात. बंदूक वाजली तरी हुकमावाचून जागचे हलायचे नाही. मग पाण्यात शिरायचे, पक्षी दात न लावता उचलायचा आणि धन्याच्या हातातच सोडायचा. आणखी एक नियम जाणकार कटाक्षाने पाळतात. परत आलेल्या कुत्र्याला, तो कितीही उशिरा आला तरी, मारायचे नाही. त्याला उशीर कळत नाही. आल्याबद्दल मार बसला एवढेच कळते. (आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.)

तोंडात आलेला घास न खाता दुसऱ्याला देणे, हा संयम म्हणावा काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मुक्या प्राण्यांच्या सवयींचा विचार केला. माणसाच्या बुद्धीने प्राण्याला वळण लागते, हे त्यांना मान्य आहे. पण ते वळण वापरावे की न वापरावे हे ठरविणारी इच्छाशक्ती प्राण्यापाशी नाही, म्हणून ती सवय अपुरी, असे ते म्हणतात. आम्हांस हे पटते. कुत्र्याच्या जबड्यातील मृदुता ही बदकावरची दया नव्हे. धन्याच्या ताटातले मांस बिघडू नये म्हणून ती शिकविलेली असते. तेव्हा पुण्य कुत्र्याचे नाही, आणि पापही नाही. बंदुकीचा हिशेब धन्यानेच द्यायचा.

आमची खरी चिंता मात्र कुत्र्याची नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना घडाघडा म्हणणारे, प्रायश्चित्तकाळात सांगितले म्हणून मांस वर्ज्य करणारे मूल आणि हा कुत्रा यांत भेद कोणता? वळण नको, असे आम्ही म्हणणार नाही. वळणावाचून इच्छेला हातपाय फुटत नाहीत. पण 'नाही' म्हणण्याची मुभा ज्याला कधी मिळालीच नाही, त्याच्या 'होय'ला आम्ही श्रद्धा कसे म्हणावे? मुलगा शहरात गेला की मिस्सा सुटते, अशी तक्रार पुष्कळ पालक करतात. शिटी ऐकू येईनाशी झाली, एवढेच तेथे घडलेले असते.

संत रॉक यांच्या चित्रांत त्यांच्या पायाशी एक कुत्रा असतो, तोंडात भाकरी धरलेला. प्लेगने आजारी होऊन संत रानात पडले असता तो त्यांना रोज भाकरी नेऊन देई, अशी आख्यायिका आहे. त्याला हे कुणी शिकविले नव्हते. भाकरीही त्याने धन्याच्याच मेजावरून उचललेली असे. धन्याने त्याला अडविले नाही. ती भाकरी जाते कुठे, हे पाहावयास तो कुत्र्यामागून रानात गेला.