राजूरच्या वाटेवरचा एक किलोमीटर

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरला पायी जायची रीत जिल्ह्यात चांगली रुजलेली आहे. अंतर सुमारे २५ किलोमीटर. रात्रभर चालायचे, बरेच जण अनवाणी, आणि टेकडीवरच्या गणपतीचे दर्शन घ्यायचे. वाटेत जागोजागी मंडप असतात. कुणी चहा देते, कुणी केळी, कुणी साबुदाण्याची खिचडी. या सगळ्यात पुण्याचा हिशेब ठरून गेलेला आहे. चालणाऱ्याला यात्रेचे पुण्य, खाऊ घालणाऱ्याला उपवासाच्या फराळदानाचे. बुधवारी सकाळी रस्त्याच्या कडेला पडलेले कागदी पेले, चिखलात रुतलेले द्रोण आणि फाटक्या पिशव्या जो उचलेल, त्याचे खाते या हिशेबात कुठेच उघडलेले नाही. त्याने केले ते चांगले काम, इतकेच आपण म्हणतो. धर्माचे काम म्हणताना जीभ अडखळते. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. देवाकडे जाणाऱ्या वाटेचा एक ठरावीक तुकडा आपला मानून वर्षभर राखणे हे यात्रेच्या बरोबरीचे धर्मकृत्य आहे, आणि निष्काम कर्म नावाची गोष्ट शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा सापडणे कठीण, असे माझे म्हणणे आहे.

वाट राखणे म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. कचरा उचलणे हा त्यातला दिसणारा आणि सगळ्यात सोपा भाग. खरे काम पाण्याचे असते. काळ्या मातीच्या मुलखात रस्त्याखालची मोरी पालापाचोळ्याने आणि प्लास्टिकने तुंबली की पाणी कडेकडेने वाट काढते, साइडपट्टीचा मुरूम वाहून नेते, आणि डांबराची कड हवेत लोंबकळू लागते. दिवसा ती दिसते. रात्री गाडीला जागा देण्यासाठी बाजूला सरकणाऱ्या माणसाचा पाय नेमका तिथेच मुरगळतो. म्हणून मृग लागायच्या आत मोरीची दोन्ही तोंडे मोकळी करायची, चर काढायचा, खचलेल्या जागी मुरूम टाकून पाणी मारून धुमसाने ठोकायचा. पाऊस उघडला की कंबरेपर्यंत आलेले गाजर गवत फुलोऱ्यावर यायच्या आत उपटायचे. कडेची वेडी बाभूळ छाटायची आणि छाटलेली एकूणएक काटकी गोळा करून दूर न्यायची, कारण वाळलेला काटा ओल्यापेक्षा वाईट. तो अनवाणी टाचेत शिरतो आणि आत मोडतो. लावलेल्या रोपांना फाल्गुन ते ज्येष्ठ पाणी घालायचे. यातले कुठलेच काम एकदा केले म्हणून संपत नाही. पुढच्या वर्षी मोरी पुन्हा तुंबते, गवत पुन्हा उगवते.

अशा कामाला धर्मात जागा आहे का? आपल्याकडे इष्टापूर्त ही जुनी कल्पना आहे. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, धर्मशाळा, सावलीची झाडे हे पूर्त. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या याच वाटेने. पण या कल्पनेत एक उणीव राहून गेली. पूर्तधर्मात बांधणाऱ्याला मान आहे, राखणाऱ्याला नाही. मोडून पडलेले पुन्हा उभे करणाऱ्याचे, म्हणजे जीर्णोद्धाराचे, पुण्य नव्या बांधकामाहून मोठे असे सांगणारी वचने आहेत. पण मुळात मोडूच नये म्हणून दरवर्षी खपणाऱ्याचे काय, यावर फारसे कुणी बोलत नाही. त्याची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. देखण्या दगडी बारवा गावोगाव गाळाने आणि कचऱ्याने भरून गेल्या. बांधणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, गाळ काढण्याची पाळी मात्र कुणाच्या नावावर नव्हती. अलीकडे तरुण मंडळी बारवांत उतरून पाट्यांनी गाळ उपसू लागली आहेत. ती जे करताहेत त्याला समाजसेवा म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पूर्तधर्माचे राहून गेलेले अर्धे अंग वाटते.

इतर परंपरांनी हे अर्धे अंग अधिक स्पष्टपणे पाहिले. कुलावक जातकात मघ नावाच्या तरुणाची कथा आहे. मगधातल्या मचल गावात लोक कामासाठी जमले असता त्याने आपण उभे होतो तिथली धूळ पायाने सारून जागा नीट केली. लगेच दुसऱ्याने ती जागा बळकावली. मघाने पुढची जागा साफ केली, तीही गेली. असे होता होता सगळ्यांची जागा नीट झाली, आणि लोक सुखावले ते आपल्या हातून, याचाच त्याला आनंद झाला. मग त्याने गावातली माणसे जोडून घेतली. ते पहाटे उठून रस्त्यातले दगड हलवत, गाड्यांच्या आसाला अडणारी झाडे तोडत, खाचखळगे भरत, बंधारे घालत. हाच मघ पुढच्या जन्मी शक्र, म्हणजे देवांचा राजा झाला. इंद्रपद यज्ञाने मिळते असे मानणाऱ्या काळात ही कथा ते रस्ता राखणाऱ्याला देते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि त्याची सुरुवात कुठे झाली? आपण साफ केलेली जागा दुसऱ्याने घेतल्यावर राग न येण्यात. इस्लामच्या हदीसमध्ये श्रद्धेच्या सत्तरच्या आसपास शाखा सांगितल्या आहेत; रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे ही त्यांतली सगळ्यात खालची. वाटेतली काटेरी फांदी बाजूला केली एवढ्यावर एका माणसाला क्षमा मिळाल्याचेही तिथे येते. सगळ्यात खालची शाखा झाली तरी ती श्रद्धेचीच. स्पेनमध्ये अकराव्या शतकात दोमिंगो नावाच्या माणसाला मठांनी प्रवेश नाकारला. सांतियागोच्या यात्रेकरूंसाठी त्याने रस्ता केला, ओहा नदीवर पूल बांधला, आणि त्याच रस्त्याच्या नावाने तो संत म्हणून ओळखला गेला. ज्याला मठाने दारातून परत पाठवले, त्याला वाटेने संतपद दिले. आपल्याकडे गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण आहेच. पंढरपुरात जाऊन ते देवळात शिरत नसत. हातात खराटा घेऊन वाळवंट झाडत आणि रात्री कीर्तन करत.

राजूरच्या बाबतीत तर हा विचार बाहेरून आणण्याची गरजही नाही. गजाननाने वरेण्य राजाला उपदेश केला तो इथेच, अशी या क्षेत्राची परंपरा आहे, आणि तो उपदेश म्हणजे गणेशपुराणाच्या क्रीडाखंडातली ११ अध्यायांची गणेशगीता. भगवद्गीतेप्रमाणेच तिच्यातही फळाची आस सोडून, देवाला अर्पण करून कर्म करण्याची शिकवण आहे. ज्या ठिकाणी कर्मयोग सांगितला गेला अशी आपली श्रद्धा आहे, त्या ठिकाणी आपण बहुतेक नवस घेऊन जातो. नवसात काही वाईट नाही. पण चालणाऱ्याला शेवटी काहीतरी मिळते. दर्शन होते, थकवा जातो, आपण पोहोचलो याचे समाधान असते. फराळ वाटणाऱ्यालाही घेणाऱ्याचा चेहरा दिसतो. ज्याने ज्येष्ठात मोरी मोकळी केली, त्याला न मुरगळलेले पाय कधीच दिसणार नाहीत. जे घडले नाही त्याचे आभार कुणी मानत नाही. त्याचे कर्म फळासकट दुसऱ्याच्या हवाली होते, तेही अनोळखी माणसाच्या, आणि एका पावसाळ्यात पुसून जाते. फळाचा त्याग करायचा म्हणून मनाशी झगडावे लागत नाही. कामाची घडणच तशी आहे.

इथे एक खरा तात्त्विक आक्षेप येतो. हा किलोमीटर माझा, असे म्हणणे म्हणजे ममत्व. ज्ञानी माणसाने निर्मम व्हावे असे गीता सांगते, आणि आपण तर सार्वजनिक रस्त्यावरही माझेपण लादायला निघालो. सगळ्याच वाटेवर सारखे प्रेम का करू नये? मला वाटते, सगळ्या वाटेवर सारखे प्रेम करणारा माणूस बहुधा कुठल्याच मोरीत हात घालत नाही. जबाबदारीला सीमा लागते. या दगडापासून त्या दगडापर्यंत काय बिघडले त्याचे उत्तर मी देईन, असे म्हणता आले पाहिजे. सार्वजनिक बांधकाम खात्याला हे पक्के ठाऊक होते. मैलकुलीकडे रस्त्याचा ठरलेला टप्पा असायचा, आणि त्या टप्प्यातला खड्डा, गटार, कडेचे झाड त्याला पाठ असायचे. अमेरिकेतली अपालाचियन पायवाट १९२१ मध्ये कल्पनेत आली, १९३७ मध्ये पूर्ण झाली. तिची लांबी सुमारे ३५०० किलोमीटर, आणि आजही ती सुमारे ३० मंडळांच्या स्वयंसेवकांनी आपापले तुकडे वाटून घेऊन राखलेली आहे. एवढी लांब वाट कुणी एकगठ्ठा सांभाळू शकत नाही. आता राहिला ममत्वाचा प्रश्न. ममत्वाचा दोष येतो तो हक्कातून: ही माझी, म्हणून इथून तू जाऊ नको. वाटेच्या तुकड्यावर असा हक्क सांगताच येत नाही, कारण दुसऱ्याने चालावे यासाठीच तर ती राखायची. कर्तव्य माझे आणि उपभोग सगळ्यांचा, असे माझेपण आसक्ती वाढवत नाही. ते तिला हळूहळू सैल करते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तो अर्धा मान्य आहे. रस्ता सरकारचा, कर आपण भरतो, मग मोरी आपण का उपसायची? मैलकुलीची जागा भरायची नाही आणि भाविकांच्या सेवाभावावर काम भागवायचे, असे कुणी ठरवले तर त्याला ठाम नकार द्यायला हवा. डांबर, पूल, मोरीची डागडुजी ही खात्याचीच कामे. मंठा-परतूर भागातून शेगाव-पंढरपूरचा काँक्रीटचा पालखी मार्ग गेला आहे. त्याच्या कडेची झाडे जगवणे हेही पैसे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. परंतु मागणी आणि सेवा एकमेकींच्या आड येतात हे मला पटत नाही. ज्याने मोरीत उतरून पाहिले आहे त्याला नळा कुठे फुटला ते सांगता येते, त्याचा अर्ज मोघम राहत नाही. शिवाय कागदी पेला खात्याने टाकलेला नाही. तो आपल्यातल्याच कुणीतरी, बाप्पाचे नाव घेत टाकला आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. झाडण्याला, घाण उचलण्याला पवित्र म्हणायचे आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारायचे, हा आपला इतिहास आहे. सफाईच्या कामाचा गौरव करणाऱ्या गांधीजींच्या भूमिकेवर डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात कठोर टीका केली, ती याच कारणाने: ज्याला ते काम सोडण्याची मुभा नाही त्याला त्यातले पावित्र्य सांगणे ही क्रूरता आहे. जालना सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात वेठबिगार होती, आणि वेठीला धरलेल्या माणसाच्या श्रमाला सेवा म्हणणे हा त्याचा अपमानच ठरला असता. या आक्षेपाला माझ्यापाशी युक्तिवादाने उत्तर नाही, अट घालून आहे. नाही म्हणण्याची मोकळीक असलेल्या माणसानेच केलेले काम सेवा. पोटासाठी करणाऱ्याला पुरती मजुरी, हातमोजे आणि बूट मिळालेच पाहिजेत. त्याला पुण्य सांगू नये. आणि वाटेचा तुकडा घेणाऱ्या मंडळाने पैसे देऊन माणसे लावली, स्वतः पाटीला हात लावला नाही, तर त्याने काहीच घेतले नाही असे समजावे. गाडगेबाबा परीट समाजातले. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. त्यांच्या खराट्याचा अर्थ हा संबंध वगळून लावता येणार नाही.

नामस्मरण पुरेसे असताना एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारेही भेटतील. संतांनी मळा, चाक, जाते सोडून नाम घेतले नाही. काम चालू ठेवून घेतले. आणि याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी भक्तीच्या शेजारी प्रयत्नाला बसवले. यापेक्षा जास्त उत्तर या प्रश्नाला लागत नाही. त्याहून मोठी भीती मला फलकाची वाटते. अमुक मंडळाने दत्तक घेतलेला रस्ता, खाली हात जोडलेले आठ फोटो, आणि फलकाच्या पायथ्याशीच गाजर गवत. फलक लागला की फळ लगेच हातात पडते, आणि निष्काम म्हणून सुरू झालेले काम तिथेच थांबते. म्हणून हे फलकाशिवाय व्हावे. फराळाचे मंडप आज लागतातच, त्यांच्या जागाही साधारण ठरलेल्या आहेत. प्रत्येक मंडळाने आपल्या मंडपापासून पुढच्या मंडपापर्यंतचा रस्ता एका अंगारकीपासून दुसऱ्या अंगारकीपर्यंत सांभाळावा. दोघांच्या मधली मोरी कुणाची, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावे. कागदी पेल्यांऐवजी धुऊन वापरायचे स्टीलचे पेले ठेवले तर बुधवारचे काम मंगळवारीच अर्धे होईल. उरलेले अर्धे, म्हणजे चर, मुरूम, गवत आणि काटे, याला वर्षातले मोजके रविवार आणि दहा-बारा माणसे लागतात. एवढी माणसे प्रत्येक मंडपामागे आजही उभी असतात.