उत्तर सांगू नका

सैलावून बसा. डोळे मिटा असं म्हणत नाही, मग वाचणार कसं? खांदे फक्त खाली सोडा आणि एक छोटी खोली मनासमोर आणा. टेबल, तीन खुर्च्या, कोरा कागद, पेन्सिल. हे मेमरी क्लिनिक आहे. शेजारी आई बसली आहे. डॉक्टरांकडे जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आली आहे. समोरच्या मॅडमनी तुम्हाला आधीच बजावलंय, उत्तर तुम्ही सांगायचं नाही.

"आजी, तीन शब्द सांगते. आंबा, खुर्ची, नाणं. म्हणा बघू."

आई तिन्ही नीट म्हणते. मग वार विचारतात, महिना, गाव, जिल्हा. तारीख तिला येत नाही, पण "काल एकादशी झाली" हे ती ठासून सांगते. मग प्रश्न येतो, "मघाचे ते तीन शब्द?"

"आंबा..." म्हणते आणि अडते.

आपणही इथे थांबू या. उत्तर तुमच्या ओठांवर आलंय. ते तिथेच राहू द्या. एक श्वास घ्या, सावकाश सोडा. घरी तुम्ही रोज तिची वाक्यं पुरी करता. नाव अडलं की पुरवता, चालू राहिलेला गॅस गुपचूप बंद करता, पाहुण्यांसमोर सावरून घेता. मायेनंच करता. पण त्या सावरण्याखाली किती काय झाकलं गेलं, कधीपासून, हे आता जरा आठवून पाहा. स्वतःला दोष न देता. थोड्या वेळानं मॅडम तुम्हाला बाजूला घेऊन नेमकं हेच विचारणार आहेत.

आई अजून शोधते आहे. शोधू द्या.

तोवर त्या प्रश्नांकडे बघू. 1975 साली अमेरिकेत 30 गुणांची एक चाचणी तयार झाली, ती जगभर गेली. तीत 100 मधून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचं. शाळेची पायरीही न चढलेली बाई यात आजाराशिवायच नापास! 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी ती हिंदीत नव्यानं घडवली. 20 मधून तीन-तीन वजा करा. वाक्य लिहू नका, आपल्या घराबद्दल काही सांगा. मला हे संशोधन फार मोठं वाटतं. माणसाला मापात बसवण्याऐवजी त्यांनी माप बदललं.

आता घरातली एक म्हण मनात आणा. साठी बुद्धी नाठी. किती सहज म्हणतो आपण, आणि तपासणी तिथेच संपते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के आहे, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसं. शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश नाही. म्हण हिशेबातच चुकली. विसरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर असतो असंही नाही. बी-12 कमी असतं, थायरॉईड मंदावलेलं असतं, मन खचलेलं असतं, एखादी झोपेची गोळी नडत असते. यावर उपाय असतात. आणि ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही, तोही विसरल्यासारखाच दिसतो.

पुन्हा खोलीत या. आईचा हात खुर्चीच्या दांड्यावरून फिरतो. "खुर्ची," ती हळूच म्हणते. तिसरा शब्द येत नाही. मॅडम दोन लिहितात आणि काहीच बोलत नाहीत. पुढच्या वर्षी हेच पुन्हा विचारतील आणि उत्तरं तिच्याच आजच्या उत्तरांशी ताडून बघतील. एखाद्या अभ्यासात सहभागी व्हाल का, असंही कुणी विचारेल. तेव्हा तिच्याआधी मान डोलावू नका.

क्लिनिकला जाताना तिचा चष्मा, कानाचं मशीन आणि रोजच्या गोळ्यांची पिशवी आठवणीनं बरोबर घ्या.