सरळ दात, सहजगुण आणि संतोष

पारदर्शक अलाइनर म्हणजे दातांवर टोपीसारखा घट्ट बसणारा पातळ प्लास्टिकचा साचा. दंतवैद्यांच्या रोजच्या बोलण्यात त्याला नुसता ‘ट्रे’ म्हणतात. एकमेकांवर चढलेले, तिरके किंवा फटी पडलेले दात अशा ट्रेंच्या मालिकेने हळूहळू ओळीत आणले जातात. दातांना तारा लावण्याचे वय म्हणजे शाळेचे वय, असा समज फार दिवस होता. अलाइनर समोरच्याला सहसा दिसत नाही आणि जेवताना काढून ठेवता येतो. त्यामुळे तिशी-चाळिशीतली, कधी साठी उलटलेली माणसेही आता हा उपचार घेतात. त्यातून एक जुनाच प्रश्न नव्याने समोर येतो: जन्मासोबत मिळालेले शरीर माणसाने किती स्वीकारावे आणि किती बदलावे?

समर्थ रामदासांनी या प्रश्नाची नेमकी मांडणी केली आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात चातुर्यलक्षण सांगताना ते गुणांचे दोन वर्ग करतात. रूप आणि लावण्य हे सहजगुण आहेत. ते अभ्यासाने येत नाहीत आणि त्यांच्यावर उपायही चालत नाही. विद्या आणि शहाणपण हे आगंतुक गुण आहेत. ते बाहेरून येतात, मिळवता येतात, म्हणून माणसाने कष्ट करावेत ते त्यांच्यासाठी. या उपदेशाचा सगळा भार एका वस्तुस्थितीवर आहे: रूपावर उपाय नाही. सतराव्या शतकात वाकडा दात निर्विवादपणे सहजगुणांत जमा होता. आता त्यावर उपाय आहे, आणि वाकडा दात दोन्ही वर्गांच्या सीमेवर येऊन उभा राहिला आहे.

दात हलतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय या सीमेचा विचार करता येत नाही. दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. दातावर हलका पण सतत दाब राहिला, की दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ताणाच्या बाजूला हाड घडवणाऱ्या पेशी नवे हाड रचतात. दात सरकतो तो असा, एका बाजूची भिंत पाडत आणि दुसऱ्या बाजूची बांधत. एका ट्रेमागे हे सरकणे जेमतेम पाव मिलिमीटर असते. ट्रे दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात ठेवावा लागतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा चढवावा लागतो. प्रौढांच्या जबड्याची वाढ संपलेली असते, म्हणून त्यांचे दात हलवता आले, तरी जबड्यांमधील मोठी तफावत शस्त्रक्रियेवाचून सुटत नाही. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी बरा करावा लागतो. दातांची मुळे थोडी झिजण्याचा आणि हिरड्या मागे सरकण्याचा धोकाही असतो.

शरीर बदलण्यावरचा पहिला आक्षेप ईश्वरनिर्मितीच्या कल्पनेतून येतो, आणि इस्लामी परंपरेत तो थेट दातांच्याच संदर्भात नोंदलेला आहे. अब्दुल्ला इब्न मसऊद यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सौंदर्यासाठी दातांमध्ये फट पाडून घेणाऱ्या आणि अशा रीतीने अल्लाहची निर्मिती बदलणाऱ्या स्त्रियांचा तीत निषेध आहे. पुढच्या दातांमधील बारीक फट त्या काळच्या अरबस्तानात तारुण्याची खूण समजली जाई, म्हणून वय झालेल्या स्त्रिया दात घासून ती पाडून घेत. तेराव्या शतकातील भाष्यकार इमाम नववी यांनी या हदीसचा अर्थ लावताना एक भेद केला. निषिद्ध आहे ती केवळ सौंदर्याच्या हव्यासाने केलेली कृती. उपचाराची गरज असेल किंवा दातात दोष असेल, तर तीच कृती करण्यास हरकत नाही. युद्धात नाक गमावलेल्या अर्फजा नावाच्या सहकाऱ्याला सोन्याचे नाक बसवण्याची अनुमती पैगंबरांनी दिल्याची दुसरी हदीसही याच बाजूने सांगितली जाते.

अलाइनरच्या उपचारात दात पुढे-मागे घ्यायला जागा नसेल, तर दंतवैद्य दोन दातांमध्ये खरखरीत पट्टी सारून दोन्ही कडा मिलिमीटरच्या दशांशांत घासतो. क्रिया जवळपास तीच आहे, दातांच्या मधला भाग घासण्याची. हदीसच्या काळात ती फट पाडण्यासाठी होत होती, आज दातांची गर्दी मोडण्यासाठी होते. नीतीचा निर्णय हत्यारावरून होत नाही, तो हेतूवरून होतो, हे नववींचे म्हणणे इथे नीट लागू पडते. अडचण पुढे आहे. दोष आणि हौस यांच्यामधली रेघ ठरवायची कोणी? खालचा जबडा चावताना वरच्या हिरडीला इजा करत असेल, किंवा दात इतके चढलेले असतील की ब्रश आत पोचत नाही, तर तो दोष हे सहज मान्य होईल. पण हसताना एक सुळा जरासा पुढे दिसतो, एवढेच असेल तर?

दोष ठरवायचा, तर आधी निर्दोष म्हणजे काय ते ठरले पाहिजे. आधुनिक दंतव्यंगोपचाराचे जनक मानले जाणारे अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण मांडले. ते आजही वापरात आहे. निसर्गाने दिलेले सगळे दात राखूनच आदर्श ठेवण साधता येते, अशी त्यांची जवळजवळ धार्मिक श्रद्धा होती. सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून त्यांनी अपोलो बेल्व्हेदेरे या प्राचीन पुतळ्याकडे बोट दाखवले. १९११ मध्ये कॅल्व्हिन केस यांनी या मताला उघड विरोध केला. काही रुग्णांचे दात काढल्याशिवाय चांगला परिणाम मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद उपचारशास्त्राच्या इतिहासात गाजला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या काही रुग्णांचे दात काढून त्यांच्यावर पुन्हा उपचार करावे लागले. संगमरवरी पुतळ्याच्या मापात प्रत्येक जबडा बसत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

अन्य संस्कृतींनी आदर्श वेगळा मानला. जपानमध्ये पुढे डोकावणारा सुळा गोड मानणारेही आहेत, आणि तसा सुळा मुद्दाम बसवून घेणारेही. महाराष्ट्रात एके काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत; काळेभोर दात हे सौंदर्याचे आणि सौभाग्याचे लक्षण होते. बौद्ध परंपरेने महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे सांगितली, त्यांत चाळीस दात आहेत, दातांची सारखी ओळ आहे आणि दातांमध्ये फट नसणे हेही आहे. दीघनिकायातील लक्खणसुत्त प्रत्येक लक्षणाचे कारण मागील जन्मांच्या आचरणात शोधते. ज्याने चहाडी टाळली, दुरावलेल्या माणसांना एकत्र आणले, त्याला फट नसलेले दात लाभतात. ज्याने अनैतिक उपजीविका सोडली, त्याचे दात सारखे असतात. इथे दातांची ओळ ही आतल्या शीलाची बाहेरची खूण आहे. अलाइनरमुळे हा क्रम उलटतो. ओळ आधी मिळते, आणि ती कोणत्याही शीलाची साक्ष देत नाही. सुंदर दातांवरून स्वभावाचा अंदाज बांधण्याची सवय मात्र माणसे सोडत नाहीत. नोकरीच्या मुलाखतीत आणि लग्नाच्या बैठकीत ती अजून चालते, आणि प्रौढ वयात ट्रे चढवणाऱ्या अनेकांना त्या सवयीची पुरेपूर जाणीव असते.

दुसरा आक्षेप वैराग्याच्या परंपरेचा आहे. देह नश्वर आहे; त्याच्या शोभेत गुंतणे म्हणजे देहबुद्धी वाढवणे. या विचाराचे टोक दिगंबर जैन मुनींच्या आचारात दिसते. त्यांच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक म्हणजे अदंतधावन, म्हणजे दात न घासणे. देहाची शोभा राखायची नाही, हा त्यामागचा विचार. कोल्हापूर-सांगलीकडे मुनींचा विहार पाहणाऱ्यांना हे व्रत परिचयाचे आहे. परंतु हे व्रत मुनीचे आहे, गृहस्थाचे नाही. गृहस्थाला समर्थ वेगळे सांगतात. ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र आणि पाय सदा मळकट असतात, त्याची गणना त्यांनी मूर्खाच्या लक्षणांत केली आहे. पतंजलींच्या नियमांतही शौच आणि संतोष शेजारी शेजारी येतात. शरीराची निगा आणि शरीराबद्दलचे समाधान यांत त्यांना विरोध दिसत नाही.

पतंजलींचे आणखी एक निरीक्षण इथे उपयोगी आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात कायसंपत्तीची व्याख्या करताना रूप, लावण्य, बल आणि वज्रासारखी बळकटी हे चार शब्द येतात. म्हणजे रूप-लावण्य मिळवता येते, पण ते सिद्धी म्हणून. त्याच पादात सिद्धींबद्दलचा इशाराही आहे: व्यवहारात त्या सिद्धी वाटल्या, तरी समाधीच्या वाटेवर त्या अडथळा होतात. रूप मिळवणे पाप ठरत नाही. ते मिळाल्यावर वाट संपली असे समजणे ही चूक ठरते.

सामान्य भाविकाला या सूत्रांपेक्षा गणपती जवळचा आहे, आणि गणपती एकदंत आहे. मोडलेल्या सुळ्याच्या कथा अनेक आहेत. एकीत परशुरामाने फेकलेला परशू गणेशाच्याच पित्याने दिलेला, म्हणून त्याचा मान राखण्यासाठी गणेशाने तो वार दातावर झेलला. पेणच्या कारखान्यात मूर्ती घडवताना कारागीर एक सुळा पूर्ण घडवतो आणि दुसरा मुद्दाम अर्धा ठेवतो. तो अर्धा सुळा विसरला, तर मूर्ती चुकली. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये असे मानणाऱ्या समाजात सर्वांत लाडक्या देवाचा खंडित दात हे त्याचे नावच होऊन बसले आहे. त्यातून दात दुरुस्त करू नयेत असा विधी निघत नाही. निघते ते इतकेच की, अपुरेपण आणि पूज्यता एकत्र नांदू शकतात.

मुलाच्या आणि प्रौढाच्या उपचारात नैतिक फरक आहे. मुलाच्या दातांना तारा लागतात तेव्हा निर्णय आई-वडिलांचा असतो. प्रौढ माणूस स्वतः ठरवतो, स्वतः पैसे मोजतो आणि स्वतःच्या चेहऱ्यासोबत कित्येक वर्षे काढून मगच आरशासमोर उभा राहतो. म्हणून त्याच्या बाबतीत संतोषाचा प्रश्न खरा होतो. ज्या गोष्टीवर उपायच नव्हता, ती स्वीकारणे ही निरुपायाची शांती होती. उपाय हाताशी असताना दात तसेच ठेवणे ही निवड आहे, आणि दात सरळ करणे हीही निवडच. यांत्रिक सोयीने एक गुंतागुंत मात्र वाढवली आहे. उपचार ठरण्याआधीच तोंडाचे स्कॅन होते आणि पडद्यावर दात एकेक करून सरकत अखेरच्या सरळ ओळीत जाऊन बसतात. काल ज्याला काही खटकत नव्हते, त्याला आज स्वतःचे न झालेले रूप दिसते, आणि त्याच्या तुलनेत असलेले रूप उणे वाटू लागते. इथे उपाय आधी येतो आणि असंतोष मागून. प्रौढाने स्वतःला विचारायचा प्रश्न म्हणूनच सोपा आहे: हा दात पडद्यावरचे चित्र पाहण्याआधी खुपत होता का?

उपचार संपल्यावरची स्थिती या सगळ्या चर्चेला कलाटणी देते. दात नव्या जागी आले तरी हिरडीतले ताणलेले तंतू त्यांना जुन्या जागेकडे ओढत राहतात, आणि ते तंतू नव्याने जुळायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. शिवाय वय वाढेल तसे खालचे पटाशीचे दात दाटत जातात. कधीही उपचार न घेतलेल्यांचेही दाटतात. म्हणून ट्रेची मालिका संपली, की रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा, सुरू होतो. आधी दिवस-रात्र, मग फक्त रात्री, आणि बहुतेक दंतवैद्यांच्या सल्ल्यानुसार तो कायमचाच. खुद्द अलाइनरचा जन्मही रिटेनरमधून झाला. झिया चिश्ती यांनी प्रौढ वयात तारा लावून घेतल्या होत्या. पुढे रिटेनर घालणे सुटले की दात सरकतात आणि पुन्हा घातला की परततात, हे त्यांच्या लक्षात आले. या निरीक्षणातून त्यांनी आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी स्थापन केली आणि पुढे इनव्हिजलाइन नावाचे अलाइनर बाजारात आणले.

समर्थांच्या वर्गीकरणाचे काय झाले, याचे उत्तर इथे मिळते. सरळ केलेले दात सहजगुण होत नाहीत. ते सहज असते, तर आपोआप टिकले असते. ते आगंतुक गुणांच्या बाजूला येतात आणि त्या गुणांचा नियम त्यांना लागू होतो: दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आस्थेने केलेला अभ्यासच त्यांना टिकवतो. विद्या जशी उजळणी थांबली की विसरते, तसे दात रिटेनर सुटला की सरकतात. रूपावर उपाय नाही, हे विधान आज दातांपुरते खरे राहिलेले नाही. अभ्यासावाचून काही टिकत नाही, हे विधान दातांपुरतेही खरे आहे. प्रौढ वयात दात सरळ करणे म्हणून ना ईश्वरद्रोह ठरते, ना मुक्ती. ती अंगावर घेतलेली एक जबाबदारी आहे, आणि ती पेलायची तयारी नसेल, तर आहेत तेच दात नीट घासावेत.