खरे बोलण्यापुरते इंग्रजी

परकी भाषा बोलायला शिकवण्यात नीती-अनीतीचा प्रश्न कुठून आला, असे कुणी विचारील. एके काळी मीही तेच विचारले असते. क्रियापदाचे काळ आणि उच्चार यांचा पापपुण्याशी काय संबंध? बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्यातली पहिली काही वर्षे या प्रश्नाने मला मुळीच त्रास दिला नाही. तो माझ्या दारात आणून सोडला आठवीतल्या एका मुलाने, १९९४ च्या जूनमध्ये.

त्या वेळी आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते आले २००० साली. आठवीपर्यंत मुले थोडेफार वाचू-लिहू लागत, पण बोल म्हटले की दातखीळ. त्यात नवल नव्हते. त्यांचा मास्तर स्वतः तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेला. आमचे इंग्रजी डोळ्यांतून शिरून हातातून बाहेर पडे. तोंडाची वाट त्याला कधी सापडलीच नाही. निदान या मुलांचे तसे होऊ नये म्हणून मी ठरवले, की शाळा उघडताच प्रत्येकाने उभे राहून सुट्टीविषयी चार-पाच वाक्ये बोलायची. नमुना म्हणून माझी महाबळेश्वरची सहल फळ्यावर लिहून दिली.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. आदल्या वर्षी निम्मे दिवस गैरहजर असलेला. “आय वेंट टु महाबळेश्वर. आय सॉ द लेक. आय एट स्ट्रॉबेरीज.” एकही चूक नाही! मी “व्हेरी गुड” म्हटले आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

तास संपल्यावर तो वही द्यायला आला, तेव्हा त्याचे हात दिसले. पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा कोपरापर्यंत गेल्या होत्या.

“महाबळेश्वरला कधी गेला होतास रे?”

“न्हाई सर. आम्ही कारखान्यावर व्हतो.”

आपण फराळाची ताटे भरत असतो त्याच सुमारास आमच्या भागातली गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच कुठे लग्नात, कुठे दवाखान्यात गेलेली असते. ती फेडायला माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले पुष्कळदा बरोबरच.

“मग खोटं का बोललास?”

“सर, खऱ्याचं इंग्रजी येत न्हाई.” आणि जरा धीर करून त्यानेच विचारले, “मोळीला काय म्हणायचं?”

“बंडल,” मी म्हटले.

“आन् वाढ्याला? आन् कोपीला?”

मी गप्प. उचलीला ‘अॅडव्हान्स’ म्हणता येते, पण आमच्या गावात त्या शब्दाचे जे वजन आहे ते ‘अॅडव्हान्स’मध्ये कुठले? त्या दिवशी खऱ्याचे इंग्रजी मलाही येत नव्हते.

मग लक्षात आले, की बोलण्याच्या तासाला मूल जे बोलायचे आहे ते बोलत नाही, जे येते ते बोलते. आणि आमची शाबासकी जाते ती तयार वाक्याला. शिवाय आमची घाई. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत घड्याळ लावून पाहिले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, मुलांचे गप्प राहणेही कमी झाले. आणि ती मुले काही परक्या भाषेत शिकत नव्हती. परक्या भाषेत एका सेकंदात पोचते ते महाबळेश्वर. फड फार मागे राहतो.

झाले! मला सुधारणेचे वारे भरले. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला उभे करून खरी सुट्टी सांगायला लावली आणि भरपूर थांबलो. “माय मदर कट. आय टाय. नाइट ट्रक कम.” मी काही दुरुस्त केले नाही. पुढच्या बाकावर कुणी तरी फिसकन हसले. तो बसला, आणि नंतर महिनाभर माझ्या तासाला त्याने तोंड उघडले नाही.

एक सहकारी म्हणाले, “तुम्ही चुका पोटात घालाल, उद्या मुलाखतीत कोण घालणार?” त्यांचे खोटे नव्हते. चूक न सांगणे ही कधी माया असते, आणि कधी नुसतेच ‘याच्याकडून याहून काय व्हायचे’ असे मनातल्या मनात ठरवणे असते. पण मला झोंबले ते निराळेच. त्याच्याकडून खरे वसूल करण्याचा अधिकार मला दिला कुणी? कसं काय म्हटल्यावर आपण मायबोलीतसुद्धा ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जातोच की! त्याचे महाबळेश्वर निव्वळ खोटे नव्हते; ते अंगावर घेतलेले पांघरूण होते. अठ्ठेचाळीस मुलांसमोर ते मी ओढून काढले.

त्याच वर्षी एका प्रशिक्षणात एन. एस. प्रभू यांचे पुस्तक हाती आले. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगलोर, मद्रासकडच्या शाळांत एक प्रयोग चालवला होता. मुलांना व्याकरणाचा पाठ न देता रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा द्यायचा आणि त्यावरचे कोडे सोडवायला लावायचे. आपली आवडनिवड, आपल्या भावना सांगायला लावण्यापेक्षा असा तर्काचा खेळ त्यांना वर्गात जास्त उपयोगी वाटला. मी ते शिकवण्याची युक्ती म्हणून वाचले. त्यातला दुसरा अर्थ मागाहून उमगला: इथे खरे काय ते सगळ्यांसमोर कागदावर असते, त्यासाठी कुणाला आपल्या घराचे दार उघडावे लागत नाही.

मी एस.टी. स्टँडवरचे वेळापत्रक उतरवून आणले आणि फळ्यावर लिहिले. सोमवारी सकाळी दहाच्या आत बीडच्या दवाखान्यात पोचायचे आहे, कोणती गाडी धरावी? पुढच्या बाकांनी एकमताने आठ वीसची सांगितली. माझेही उत्तर तेच होते.

“नो सर.” आवाज मागून आला. “मंडे बाजार. बस फुल. नॉट स्टॉप.”

‘डझ नॉट’ माझ्या ओठांवर आले होते. वर्ग मागे वळून त्याच्याकडे पाहत होता. मी खडू घेऊन आठ वीसच्या गाडीवर फुली मारली आणि विचारले, “देन व्हिच बस?”

‘डझ नॉट’ मी तासाच्या शेवटी सांगितले, सगळ्या वर्गाला मिळून.